नात्याचा रकाना

२ फेब्रुवारी, सोमवार

कुलूप बदललं!

माझी किल्ली आत जाते, फिरत नाही. तीनदा पाहिलं. चौथ्यांदा नाही – तीन वाचनं सारखी आली की आम्ही वजनमापं तपासणारे निकाल लिहून मोकळे होतो.

अक्का जाऊन आज नववा दिवस. आठ दिवस रजेवर होते, आज पहिल्यांदा कामावर गेले, आणि तेवढ्या वेळात हे. मामा जिन्यातच बसले होते. शेजारी माझ्या कपड्यांच्या दोन पिशव्या. घड्या नीट घातलेल्या होत्या. त्या घड्यांचाच जास्त राग आला.

‘हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. कागदपत्रं होईपर्यंत घर बंद राहू दे.’

‘कसली कागदपत्रं?’

‘वारसाची. मी सख्खा भाऊ. तू – कागदावर तू तिची कोण, सांग की.’

‘मी तुम्हांला मामा म्हणते.’

‘म्हणतेस ना. म्हणायला काय लागतं?’

पिशव्या उचलल्या आणि निघाले. ऑफिसातल्या टंकलेखिकेच्या खोलीवर आलेय. ‘हवे तितके दिवस राहा,’ म्हणाली. तिचा पंखा दर फेरीला एकदा खटकतो.

आजपासून या वहीत त्यांना ‘तो’ लिहिणार.


३ फेब्रुवारी, मंगळवार

सूड. हा शब्द मी आजवर कुठे लिहिला नव्हता. लिहून पाहिला. लहान आहे. ओळीत नीट बसतो.


५ फेब्रुवारी, गुरुवार

वकीलबाईंकडे गेले. दुसरा मजला, खाली छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. दारावर पाटी – मृत्युपत्र, वारसा, दत्तक, पालकत्व. सर्व प्रकारच्या घरांसाठी. बाई पन्नाशीच्या. पेन्सिल चावतात. सगळ्या पेन्सिलींची टोकं कुरतडलेली!

त्यांच्या फॉर्मवर ‘नातं’ असा रकानाच नाही. त्याऐवजी छापलंय – ‘तुम्ही त्यांना काय म्हणत होता?’

मी लिहिलं, अक्का.

‘आणि त्या तुम्हांला?’

‘नावाने. कधी चेष्टेने भाडेकरूबाई.’

बाई हसल्या. मग म्हणाल्या, सगळं सांगा, पहिल्यापासून, मी मध्ये बोलणार नाही. (पाच वेळा बोलल्या.)

सांगितलं. मी दोन वर्षांची असताना आई मला घेऊन अक्काकडे राहायला आली. आई कपडे शिवायची, अक्का दस्तलेखक – नोंदणी कार्यालयाबाहेर टेबल टाकून तीस वर्षं लोकांची खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं टाइप करायची. दोघींची खोली एक, कपाट एक. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. मी पंधरा वर्षांची असताना आई गेली. अक्काने मला ठेवून घेतलं, शिकवलं. ‘ठेवून घेतलं’ हा शब्द बरोबर नाही. मी तिथेच होते.

‘म्हणजे दोघी एकत्र होत्या,’ बाई म्हणाल्या.

‘हो.’

हे एवढं मोठ्याने मी अठ्ठाविसाव्या वर्षी पहिल्यांदा म्हटलं. बाईंनी मान न उचलता लिहून घेतलं, जसं आम्ही तापमान लिहून घेतो. बरं वाटलं.

‘तुमच्यासारख्या घरांना कायदा शेवटच्या बाकावर बसवतो,’ म्हणाल्या. ‘पण मृत्युपत्र असेल तर पहिल्या बाकावर! आहे का?’

माहीत नाही. लोकांची मृत्युपत्रं करणाऱ्या बाईने स्वतःचं केलं नसेल?


६ फेब्रुवारी, शुक्रवार

घरात माझं काय काय अडकलंय याची यादी करायला बसले. एकच गोष्ट लिहिली – आईचं कापड बेतायचं टेबल. त्याच्या कडेवर तिने सुईने कोरलेली मोजपट्टी आहे. मी मोजायला त्यावर शिकले. पुढे नोकरी लागल्यावर एका रविवारी ती पट्टी तपासली. साठ सेंटिमीटरला दोन मिलिमीटर जास्त. म्हणूनच आईने शिवलेले कपडे सगळ्यांना किंचित सैल व्हायचे.

ते टेबल तो भंगारात काढेल. नक्की काढेल.


९ फेब्रुवारी, सोमवार

मृत्युपत्र आहे!! मोहोरबंद लिफाफ्यात, नोंदणी कार्यालयात जमा. गेल्या ऑक्टोबरमधलं. उद्या नक्कल मिळणार. टंकलेखिकेने मला धरून खोलीभर फिरवलं. मीही फिरले.

कुलूप उघडताना तो जिन्यात हवा. मी पिशव्या तयार ठेवणार. त्याच्या. घड्या घालून.


१० फेब्रुवारी, मंगळवार

नीट लिहायचं. क्रमाने.

मृत्युपत्र एका पानाचं, अक्काने स्वतः टाइप केलेलं. ‘माझे राहते घर व त्यातील सर्व वस्तू माझी मुलगी हिला मिळाव्यात.’ पुढे माझं नाव. माझी मुलगी. मी तेवढीच ओळ पुन्हा वाचत होते.

बाईंनी पान माझ्याकडे फिरवलं आणि पेन्सिलीने खालच्या बाजूला टेकवलं. साक्षीदार क्रमांक एक – शेजारच्या नर्सबाई. साक्षीदार क्रमांक दोन – मी.

माझीच सही. शेवटचा ठिपकासुद्धा जागच्या जागी.

‘ही तुम्ही का केलीत?’

‘दोन सह्या लागतात म्हणून.’

‘अहो, ज्याला मिळायचं त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, की त्याचं मिळणं रद्द होतं. आपल्याकडचा नियमच आहे तसा. मृत्युपत्र खरं, पण तुमचा वाटा गेला. घर जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाला.’

‘म्हणजे भावाला.’

‘भावाला.’

मी विचारलं, घरातल्या कुणाचीच सही चालत नाही का? त्याची चालली असती?

‘पळाली असती! त्याला यातून काही मिळतच नव्हतं. घरचा असो, रस्त्यावरचा असो, कोणीही चालला असता. फक्त तुम्ही सोडून.’

मग पेन्सिल थांबली. ‘एक विचारू? तीस वर्षं हेच काम करायच्या ना त्या? ही चूक त्यांच्याकडून...’

‘आजारी होती,’ मी म्हणाले.

‘एकही खाडाखोड नाही पानावर.’

‘आजारी होती!’

या बाई माझ्या वकील आहेत की त्याच्या?

तो दिवस आठवतो. रविवार होता. मी बाजारातून आले, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. ‘भाडेकरूबाई, जरा सही करा.’ कागदाचा वरचा भाग दुमडलेला. कशावर, म्हणून विचारलं. म्हणाली, ‘माझी सही झालेली तू पाहिलीस, एवढ्यावरच.’ मी केली. आमच्या खात्यातला पहिला नियम – मोजणाऱ्याने पडताळणीची सही करायची नाही, आणि न पाहिलेल्या आकड्यावर कोणीच करायची नाही. घरात खात्याचे नियम कोण लावतं?


१२ फेब्रुवारी, गुरुवार

आस्थापना विभागातले तात्या टेबलाशी आले. निवृत्तीला आलेत, कागद मात्र एकही सोडत नाहीत. ‘अगं, तुझ्या घरमालकीणबाई गेल्या म्हणे? मग तातडीच्या संपर्कासाठी नवीन नाव दे. आणि आता राहतेस कुठे?’

त्यांच्या हातात माझा सहा वर्षांपूर्वीचा रुजू होतानाचा फॉर्म. अक्कानेच टाइप केलेला. मी सांगत होते, ती टाइप करत होती. ‘संपर्क व्यक्ती?’ तुझं नाव. ‘नातं?’ मी जरा थांबले. मग म्हटलं, घरमालकीण लिही.

यात गैर काय होतं? नवीन ऑफिस. ‘आईची मैत्रीण’ लिहिलं असतं तर दहा प्रश्न आले असते. सोपं होतं ते. अक्कानेही काही म्हटलं नाही. टाइपरायटर थांबलासुद्धा नाही. उलट तिने त्याची थट्टाच केली – दुसऱ्या दिवशीपासून मी भाडेकरूबाई. ‘भाडेकरूबाई, चहा झालाय.’ ‘भाडेकरूबाई, दिवा घालवा.’ सहा वर्षं. मी हसायचे.

तात्यांना टंकलेखिकेचं नाव दिलं. नातं – सहकारी.


१६ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं.

नर्सबाईंना दवाखान्याच्या फाटकाशी गाठलं. ड्यूटी संपवून येत होत्या. त्या रविवारचं विचारलं.

‘भाऊ आले होते की! सकाळीच. पेन काढून टेबलाशी बसले होते. मी म्हटलं, चला, दोघं झालो, लवकर सुटले. चहा टाकायला आत गेले, बाहेर येते तर हे चपला घालतायत!’

‘सही न करता?’

‘न करता. मग तुम्ही आलात ना बाजारातून.’

‘का उठले?’

‘ते काही ऐकलं नाही बाई. स्टोव्हचा आवाज.’

म्हणजे पेन काढलं. कागद पाहिला. घर कुणाला जातंय ते पाहिलं. आणि पेन खिशात टाकून निघाला! वडिलांच्या मृत्युपत्रावरून हा माणूस पाच वर्षं कोर्टात होता, साक्षीदाराचा नियम याला पाठ असणार. तो उठला की दुसरी सही कुणाची घ्यायची? घरात राहणारीची. आजारी बहिणीला म्हणाला असेल, मुलीचीच घे, शिकलेली आहे.

वकीलबाईंना फोन केला. म्हणाल्या, सिद्ध कसं करणार? म्हणाल्या, दावा लावू, पण फार आशा धरू नका. आणि पुन्हा तेच – ‘त्या स्वतः दस्तलेखक होत्या, हे कोर्टसुद्धा विचारेल.’

विचारू दे. मी कोर्टाची वाट पाहणार नाही.


१९ फेब्रुवारी, गुरुवार

पुढच्या आठवड्याची तपासणी-यादी लागली. मंगळवार, क्रमांक चार – नाक्यावरचा गाड्या तोलायचा काटा. मालकाचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

त्याचा काटा!

या महिन्याअखेर त्याचं प्रमाणपत्र संपतं. ते हातात असेल तरच गिरणी नव्या वर्षाचं काम देते. गिरणीच्या गाड्या गेल्या, तर त्या काट्यावर चढायला उरतात कुत्री आणि सायकली.

मी यादी तात्यांकडे परत नेली नाही. नियम असा, की ओळखीच्या माणसाचं काम आलं तर दुसऱ्याला द्यायचं. ओळखीच्या. बरं.


२२ फेब्रुवारी, रविवार

झोप छान लागली. पंख्याच्या खटक्यासकट.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दहा. ऊन, धूळ, मागे वजनांची गाडी. साहेब पुढच्या सीटवर पेपर घेऊन. तो छपरीतून धावत आला आणि मला पाहून थबकला. मग तोंड भरून हसला!

‘अगं, तू होय! बरं झालं, घरचं माणूस आलं.’

बावीस दिवसांपूर्वी याच तोंडाने कागद मागितला होता.

साहेबांनी पेपर खाली केला. ‘ओळखीचे आहेत का?’

‘नाही.’

‘अहो साहेब, ही आमच्या अक्काच्या...’ तो अडकला. शब्द शोधत होता. मी मदत केली नाही. ‘अक्काकडे राहायची,’ म्हणाला शेवटी.

‘तुम्ही मालक ना? इथे सही करा,’ मी म्हणाले.

मग माझं घोषणापत्र. तपासणी करणाऱ्याचे मालकाशी नाते. मी लिहिलं – नाही. त्याचंच वाक्य मी त्याच्या काट्यावर बसवत होते.

काटा उत्तम होता. हे लिहायलाच हवं. शून्यावर स्थिर, तीनदा तेच वाचन, धूळ असूनही प्लॅटफॉर्मच्या फटी साफ. वजनं चारही कोपऱ्यांवर फिरवली. पहिला कोपरा – शून्य. दुसरा – शून्य. तिसरा – दहा किलो कमी. चौथा – शून्य. वीसपर्यंत फरक चालतो. कुणाही दुसऱ्याचा असता तर मी शाबासकी दिली असती.

तिसऱ्या कोपऱ्यापुढे मी चाळीस लिहिलं.

शाईने. खाडाखोड नाही. सहा वर्षांत मी एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. म्हणूनच हा इतका सहज गेला. साहेबांनी कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि वर न पाहता पडताळणीची सही केली. ‘तू मोजलंयस ना? मग मी काय बघायचंय!’

काट्याला शिशाचं सील मी स्वतः लावलं. पक्कड दाबताना शिसं मऊ लागतं, लोण्यासारखं.

‘अगं, पण काल तर बरोबर होता,’ तो मागे मागे येत होता. ‘चाळीस? असं कसं? पुन्हा एकदा बघ ना. अगं, माझं ऐक तरी!’

‘फेरतपासणीचा अर्ज कार्यालयात मिळतो.’

‘मी तुझा मामा ना गं?’

‘म्हणायला काय लागतं?’

गाडीत बसले. आरशात तो बराच वेळ दिसत होता, दोन्ही हात डोक्यावर.


२५ फेब्रुवारी, बुधवार

मुद्दाम नाक्यावरून गेले. गिरणीच्या सहा गाड्या वळून दुसऱ्या काट्याकडे गेल्या. तो रस्त्यात उभा राहून एकेका चालकाला हात करत होता. एकही थांबली नाही.

मजा आली. खोटं का लिहू?


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

वकीलबाईंचा फोन. तो घर विकायला काढतोय – काटा बंद पडल्यावर त्याला निकड आहे. हे मी मोजलं नव्हतं. दावा सोमवारी दाखल करायचा. ‘एकदा येऊन जा, माझ्या मनात एक शंका आहे,’ म्हणाल्या. मला माहितेय त्यांची शंका. गेले नाही.

अक्कावर कोणी शंका घ्यायची नाही.


३ मार्च, मंगळवार

मामा कार्यालयात आले होते. फेरतपासणीचा अर्ज द्यायला. व्हरांड्यात मला पाहून थांबले. दाढी वाढलेली. भांडले नाहीत.

‘घराचं सांगतो तुला. तिने बोलावलं म्हणून गेलो होतो मी त्या रविवारी. कागदात काय आहे ते तिने दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. पेन उघडून बसलो, तर म्हणाली, तुझी नको. तू घरचा आहेस. इथे परक्या माणसाची सही हवीय. आमची भाडेकरू बाजारात गेलीय, येईल इतक्यात, तिची घेते.’

त्यांनी अर्ज दुसऱ्या हातात घेतला.

‘आता गिऱ्हाईक आलंय, म्हणतं घर रिकामं पाहिजे. भाडेकरूचं आधी मिटवायला हवं. मला तर तुमच्याकडे कोणी दिसली नाही कधी. कोण होती गं ती?’

‘गेली,’ मी म्हणाले. ‘सोडून गेली.’